जुन्या गाडीचे दिवे मंद का होतात?

प्रतिनिधी

मुंबईतील अखेरच्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली आणि काळ्या-पिवळ्या रंगातील ही गाडी शहराच्या सार्वजनिक वाहतुकीतून कायमची बाहेर पडली. खासगी मालकांच्या पद्मिनी मात्र अजूनही धावत आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. हीच गाडी १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनीही आता पन्नाशी ओलांडली आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केल्यापासून अशा गाड्या जपण्याची हौस वाढीस लागली आहे. कुणी वडिलांची गाडी नव्याने रंगवून घेतो, कुणी अँबेसेडरच्या आसनांना नवी गवसणी चढवतो, कुणी क्रोमची पट्टी शोधत चोरबाजार पालथा घालतो. या साऱ्यात ज्या एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे गाडीचे पुढचे दिवे.

‘जुन्या गाडीचे दिवे असेच असतात’ हा समज इतका रूढ आहे की, मालक त्याविषयी तक्रारही करीत नाही. वास्तविक ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचे दिवे असे पिवळट आणि निस्तेज नव्हते. पन्नास वर्षांत कमी झाला आहे तो बल्बपर्यंत पोहोचणारा विजेचा दाब. तो कुठे कमी होतो, हे शे-पाचशे रुपयांच्या मल्टिमीटरने अर्ध्या तासात शोधता येते. प्रत्यक्षात मात्र मोजमाप न करता जास्त वॅटचा बल्ब बसवला जातो आणि मूळ दोष बळावतो. प्रसंगी गाडीच्या वायरिंगने पेट घेण्यापर्यंत मजल जाते.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. समोरचा अडथळा दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद आणि त्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर धरले, तर कोरड्या रस्त्यावरही सुमारे ५० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर आणि जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीला त्याहून अधिक. दिव्याचा प्रकाश तीस-पस्तीस मीटरपुढे पोहोचत नसेल, तर दिवे न लावता उभा असलेला ट्रक चालकाला दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल.

विजेची वाट

हेडलाइटचे विद्युत मंडल समजायला कठीण नाही. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वीज मुख्य वायरमधून दिव्यांच्या स्विचकडे येते. तेथून ती अप्पर-डिप्पर निवडणाऱ्या स्विचमध्ये जाते. पद्मिनीत हा स्विच स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. जुन्या अँबेसेडरमध्ये तो चालकाच्या डाव्या पायाशी, जमिनीवर असे. पुढे गाडीच्या बनावटीनुसार कुठे स्विचच्या आधी तर कुठे नंतर फ्यूज येतो. मग मडगार्डच्या आतील जोड, बल्बचा होल्डर आणि अखेर बल्ब. बल्बमधून बाहेर पडलेली वीज मात्र वायरने परत जात नाही. ती गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे बॉडीतून, बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. यालाच मेकॅनिक मंडळी ‘अर्थ’ म्हणतात.

या वाटेवर दहा-बारा ठिकाणी धातू धातूला नुसता टेकलेला असतो. स्विचमधील पितळी पट्ट्या, फ्यूजची टोके, वायरच्या क्लिपा, होल्डरच्या पत्ती, पत्र्याला घट्ट केलेला स्क्रू ही त्यांतील काही ठिकाणे. नव्या गाडीत हे सारे स्पर्श स्वच्छ असतात. कालांतराने तांब्यावर हिरवट थर चढतो, पितळ काळे पडते, लोखंड गंजते. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. असा प्रत्येक खराब स्पर्श विजेला रोध करतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा दाब खर्ची पडतो.

थोड्या घटीचा मोठा परिणाम

एक उदाहरण घेऊ. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट आहेत आणि ५५ वॅटचे दोन डिप्पर लावले आहेत. विद्युतप्रवाह साधारण ९ अँपिअर. समजा, दिव्यांच्या स्विचमध्ये ०.६ व्होल्ट, डिप्परच्या स्विचमध्ये ०.४, फ्यूज आणि जोडांत ०.३, वायरीत ०.३ आणि अर्थच्या बाजूस ०.४ व्होल्ट खर्च झाले. एकेक आकडा क्षुल्लक वाटतो. बेरीज मात्र २ व्होल्ट होते आणि बल्बच्या वाट्याला उरतात ११.५ व्होल्ट.

दाब सुमारे १५ टक्क्यांनी घटला, तर प्रकाशही तेवढाच घटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तंतूच्या बल्बचा हिशेब वेगळा असतो. त्याचा प्रकाश दाबाच्या जवळजवळ साडेतीन घाताच्या प्रमाणात बदलतो, कारण तंतूचे तापमान थोडे उतरले तरी दृश्य प्रकाश झपाट्याने कमी होतो आणि रंग लालसर-पिवळा होतो. दाब १० टक्क्यांनी कमी झाला की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. आपल्या उदाहरणात बल्ब त्याच्या क्षमतेच्या ५८ टक्क्यांच्या आसपासच प्रकाश देईल. थोडक्यात, बल्ब नवा कोरा आहे, फ्यूज शाबूत आहे, स्विच चालतो आहे आणि तरीही चाळीस टक्के प्रकाश वाटेतच हरवला आहे.

हरवलेली ही ऊर्जा नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. वरील उदाहरणात दिव्यांच्या स्विचमध्येच पाच वॅटहून अधिक उष्णता, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, सतत निर्माण होत राहते. जुन्या गाड्यांचे स्विच दांड्याशी कडक होतात, त्यांचे प्लास्टिक वितळते, डॅशबोर्डमागून जळका वास येतो, त्याचे कारण हेच.

लक्षणांवरून दोषाचा अंदाज

हत्यार हाती घेण्याआधी दिव्यांचे वागणे नीट पाहावे. दोष कुठल्या बाजूला आहे, हे बऱ्याचदा त्यावरूनच कळते.

एकच दिवा मंद आणि दुसरा ठीक असेल, तर दोष त्या दिव्याजवळ असतो. त्याचा अर्थ, त्याचा होल्डर किंवा त्याची क्लिप. दोन्ही दिवे सारखेच मंद असतील, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे मुख्य वायर, स्विच किंवा चार्जिंग व्यवस्थेत शोधावा. अप्पर उत्तम आणि डिप्पर मंद असा प्रकार दोन्ही दिव्यांत दिसत असेल, तर डिप्परच्या स्विचवर संशय घेण्यास जागा आहे. एकाच दिव्याचा डिप्पर अजिबात लागत नसेल, तर आधी बल्ब काढून त्यातील तंतू तुटला आहे का, हे पाहावे.

काही लक्षणे चकवणारी असतात. डिप्पर लावला असताना डॅशबोर्डवरील अप्परचा निळा दिवा मंदपणे लुकलुकू लागतो आणि एका बाजूच्या दिव्यात दोन्ही तंतू अर्धवट पेटलेले दिसतात. अशा वेळी पुष्कळ जण स्विच बदलतात. खरा दोष असतो त्या दिव्याच्या अर्थमध्ये. परतीची वाट बंद झाल्यामुळे वीज त्याच बल्बच्या दुसऱ्या तंतूतून, उलट वाटेने, समोरच्या दिव्यापर्यंत आणि निळ्या दिव्यापर्यंत जाऊन तिथून अर्थ शोधते. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर हेडलाइटही कमी-जास्त होत असेल, तर दोघांचा सामाईक अर्थ सैल आहे असे समजावे.

खड्ड्यातून जाताना दिवे क्षणभर जाऊन परत येत असतील, तर जोड सैल आहे. इंजिन मंद चालत असताना दिवे उतरतात आणि वेग घेताच उजळतात, हे डायनॅमो असलेल्या गाडीत काही प्रमाणात स्वाभाविक आहे, कारण कमी फेऱ्यांत डायनॅमो पुरेशी वीज देत नाही. अल्टर्नेटर बसवलेल्या गाडीत मात्र हा फरक ठळक असता कामा नये. याउलट दिवे फारच पांढरेशुभ्र होत असतील आणि बल्ब वरचेवर उडत असतील, तर रेग्युलेटर बिघडून दाब १५ व्होल्टच्या वर जात असण्याची शक्यता असते. त्याकडे दुर्लक्ष केल्यास बॅटरीही खराब होते.

नवा रंग, मंद दिवे

हजारो रुपये खर्चून गाडी नव्याने रंगवून आणावी आणि दिवे पूर्वीपेक्षा मंद व्हावेत, असा अनुभव अनेक मालकांना येतो. त्यात गूढ काही नाही. रंगकामात जुना पत्रा घासून त्यावर प्रायमर आणि रंगाचे थर दिले जातात. ज्या जागी अर्थची वायर पत्र्याला घट्ट केलेली असते, ती जागाही रंगवली जाते. रंग हा विजेचा दुर्वाहक आहे. मग तो स्क्रू कितीही आवळला तरी वीज केवळ त्याच्या आट्यांतून कशीबशी वाट काढते. म्हणून रंगकामानंतर गाडीच्या सर्व अर्थच्या जागा शोधून, तेवढ्यापुरता रंग खरवडून, उघड्या धातूवर वायर पुन्हा घट्ट करणे अगत्याचे आहे. हे काम रंगाऱ्याचे नाही आणि डेंटरचेही नाही. त्यामुळे ते कुणीच करीत नाही.

मोजमाप : दिवे पेटलेले असतानाच

निदानाची खरी पद्धत म्हणजे ‘व्होल्टेज ड्रॉप’, अर्थात वाटेत खर्ची पडणारा दाब मोजणे. यात एक चूक सर्रास होते. बल्बची क्लिप काढून तिच्या टोकांवर मीटर लावला जातो, मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि ‘वीज बरोबर येते आहे, बल्बच खराब’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष फसवा आहे. मीटरमधून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही आणि प्रवाह नसेल तर खराब जोडावर दाब खर्चही होत नाही. तांब्याच्या एकाच धाग्यावर लोंबकळणारी वायरसुद्धा अशा तपासणीत उत्तीर्ण होईल. म्हणून मोजमाप बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच करायला हवे.

सुरुवात बॅटरीपासून करावी. इंजिन बंद आणि दिवे बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून फेऱ्या वाढवल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यावा. तो तेवढा चढत नसेल, तर दिव्यांकडे जाण्याआधी पट्टा, डायनॅमो अथवा अल्टर्नेटर आणि रेग्युलेटर तपासून घ्यावेत.

नंतर अर्थची बाजू. दिवे लावून मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल तार बल्बच्या अर्थच्या पत्तीवर मागच्या बाजूने टेकवावी. येथे आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास अर्थ खराब आहे, हे निश्चित.

मग धन बाजू. लाल तार बॅटरीच्या धन टोकावर आणि काळी तार बल्बच्या ज्या पत्तीवर वीज येते तिथे टेकवावी. त्यासाठी मीटरची तार वायरचा तुकडा जोडून लांब करावी लागते. चांगल्या स्थितीतील गाडीत येथे अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा मिळतो. एक व्होल्टच्या पुढे गेल्यास वाटेत दोष आहे. तो नेमका कुठे, हे शोधण्यासाठी लाल तार बॅटरीवरच ठेवून काळी तार एकेक टप्पा मागे न्यावी. फ्यूजच्या पुढे, फ्यूजच्या मागे, डिप्पर स्विचच्या पुढे, मागे, असे करीत गेल्यास एका ठिकाणी आकडा एकदम घसरतो. ज्या दोन बिंदूंमध्ये हा फरक पडला, त्यांच्यामध्येच दोष असतो.

मीटर लावण्यापूर्वी एक खबरदारी आवश्यक आहे. पन्नास-साठच्या दशकांतील अनेक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीत वरील सूचनांतील धन आणि ऋण यांची अदलाबदल करावी. त्याच काळातील काही गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. त्यांत तेवढ्याच वॅटच्या दिव्याला दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे अर्ध्या व्होल्टची गळतीही तिथे मोठी ठरते.

फ्यूज उडतो तेव्हा

युरोपीय वळणाच्या जुन्या गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते असलेले, ‘टॉर्पेडो’ आकाराचे फ्यूज असतात. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ अँपिअरचा. या फ्यूजची धातूची पट्टी उघडी असते आणि टोके केवळ स्प्रिंगच्या दाबाने धरलेली असतात. त्यामुळे फ्यूज उडालेला नसतानाही टोके काळी पडून दिवा मंद होतो. फ्यूज बोटाने गोल फिरवताच दिवा उजळला, तर दोष तिथेच आहे. फिरवण्याने तात्पुरते भागते, पण क्लिपा घासून स्वच्छ करणे आणि सैल झाल्या असल्यास आवळणे हाच उपाय आहे.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर एखादी वायर पत्र्याला टेकते आहे. मडगार्डमधून वायर जिथे आत येते, तिथले रबरी बूच कडक होऊन फुटते आणि पत्र्याची धार वायरचे आवरण कापते. अशा वेळी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून काम भागवणे हे संकटाला आमंत्रण आहे. फ्यूजऐवजी मग वायर वितळते आणि तिच्यासोबत बांधलेला संपूर्ण जुडगा जळतो. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत तर हेडलाइटच्या मंडलाला फ्यूजच नसे. अशा गाडीत तो नव्याने बसवून घेणे शहाणपणाचे.

दोष शोधण्याची साधी युक्ती अशी : हेडलाइटचे बल्ब काढून ठेवावेत आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडावा. दिव्यांचा स्विच लावल्यावर हा बल्ब पूर्ण प्रखरतेने पेटला, तर वीज कुठेतरी थेट पत्र्यात जात आहे. या बल्बमुळे प्रवाह दोन अँपिअरच्या आत राहतो, त्यामुळे वायर जळण्याचा धोका नसतो. आता वायरिंगचा जुडगा हळूहळू हलवत जावे. ज्या जागी हात लावताच बल्ब विझेल, तिथे वायर सोललेली सापडेल.

दुरुस्ती : आधी सफाई, मग बदल

कोणत्याही कामाआधी बॅटरीची अर्थला जोडलेली क्लिप काढून ठेवावी. त्यानंतर बारीक पॉलिश पेपरने अर्थच्या जागा, क्लिपा आणि होल्डरच्या पत्ती चकचकीत होईपर्यंत घासाव्यात. अर्थच्या स्क्रूखाली दातेरी वॉशर घालावा, तो पत्र्यात रुततो आणि पकड टिकते. घट्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावावे, म्हणजे ओलावा आत शिरत नाही. बॅटरीपासून बॉडीकडे आणि बॉडीपासून इंजिनकडे जाणाऱ्या जाड पट्ट्याही काढून स्वच्छ कराव्यात, कारण सर्व दिव्यांची परतीची वीज याच वाटेने जाते. प्रत्येक हेडलाइटला स्वतंत्र अर्थची वायर देता आली, तर उत्तमच.

वायर जोडताना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय सोडायला हवी. उन्हाने पट्टीचा गोंद सुटतो आणि पहिल्याच पावसाळ्यात जोड काळा पडतो. दाबून बसवलेली थिंबल किंवा सोल्डर केलेला जोड आणि त्यावर आकसणारी नळी, हा टिकाऊ मार्ग. ज्या वायरचे आवरण हाताने वाकवताच भुगा होऊन गळते, ती बदलण्यास पर्याय नाही.

एवढ्या सफाईनेच बहुसंख्य गाड्यांचे दिवे लक्षणीय उजळतात. खर्च होतो तो पॉलिश पेपर, चार थिंबल आणि एका दुपारचा.

रिलेचा उपयोग

सफाईनंतरही स्विचमध्ये दाब पडत असेल आणि तसा नवा स्विच मिळत नसेल, तर रिले हा सर्वमान्य उपाय आहे. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. त्याच्या गुंडाळीला पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो आणि त्या इशाऱ्यावर तो दिव्यांचा मोठा प्रवाह चालू-बंद करतो. दिव्यांची वीज आता बॅटरीकडून फ्यूज आणि रिलेमार्गे थेट बल्बकडे जाते. जुन्या स्विचवर केवळ इशारा देण्याचे काम उरते. जो भाग बाजारात मिळत नाही, त्याचे आयुष्य यामुळे कित्येक पटींनी वाढते.

चार टोकांच्या साध्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वायर, ८७ ला बल्बकडे जाणारी वायर, ८६ ला जुन्या स्विचकडून येणारी वायर आणि ८५ ला अर्थ. अप्पर आणि डिप्परसाठी वेगवेगळे रिले घ्यावेत. मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि प्रत्येक दिव्याकडे जाणारी १.५ चौरस मिलिमीटरची असावी. मुख्य वायरीचा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा. डाव्या आणि उजव्या दिव्याला पुढे स्वतंत्र फ्यूज दिल्यास एखादा उडाला तरी रस्त्यावर पूर्ण अंधार होत नाही.

गाडीचे मूळ रूप जपणाऱ्यांना वायरिंगमध्ये असा बदल नकोसा वाटतो. त्यांच्यासाठी मध्यम मार्ग आहे. मूळ वायर कुठेही न कापता, दिव्याच्या मूळ क्लिपमध्येच रिलेचा नवा जुडगा जोडता येतो. प्रदर्शनाच्या वेळी तो काढून गाडी पूर्ववत करता येते.

मोठ्या बल्बचा मोह

पद्मिनीच्या पिढीतील गाड्यांत मुळात ४५/४० वॅटचे साधे बल्ब असत. १९७१ मध्ये युरोपात ‘एच-४’ हा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब आला. जुन्या होल्डरमध्ये बसेल अशा बुडाचा हॅलोजन बल्बही मिळतो आणि वायरिंग सुस्थितीत असेल तर तो बसवण्यास हरकत नसते. बसवताना त्याच्या काचेला बोटे लावू नयेत, कारण तेलकट डागामुळे काच असमान तापून बल्ब लवकर निकामी होतो.

खरा धोका १०० वॅटच्या बल्बचा. ४५ वॅटच्या जोडीला साडेसात अँपिअर लागतात, तर १०० वॅटच्या जोडीला पावणेसतरा. प्रवाह सव्वादोनपट झाला की त्याच जोडातील उष्णता जवळजवळ पाचपट होते. दाबही वाटेत अधिक पडतो, त्यामुळे अपेक्षित प्रकाश मिळतच नाही. शिवाय बहुतेक जुन्या डायनॅमोंची क्षमता २५ अँपिअरच्या आतली. पावसाळी रात्री त्यावर वायपर, मागचे दिवे आणि इग्निशनचा भार पडला की बॅटरी उतरू लागते.

जुन्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवण्याची टूटही अलीकडे बोकाळली आहे. तो कमी वीज घेतो हे खरे. पण दिव्याचा परावर्तक आणि काच ही तंतूच्या नेमक्या जागेसाठी आखलेली असतात. प्रकाशाचा उगम जरा इकडे-तिकडे झाला की झोत विस्कटतो. आपल्याला समोर उजेड दिसतो, मात्र समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

दाब पूर्ण, तरीही उजेड नाही?

बल्बवर पूर्ण दाब पोहोचत असूनही प्रकाश कमी असेल, तर दोष विजेचा नाही. परावर्तकाचा चंदेरी मुलामा काळा पडला असेल, तर प्रकाश तिथेच शोषला जातो. हा मुलामा अतिशय पातळ असतो. तो पॉलिशने घासल्यास उरलासुरलाही निघून जातो. परावर्तकावर नव्याने धातूचा थर चढवून घेणे किंवा दिव्याचा संच बदलणे हेच मार्ग उरतात.

परदेशातून दिवे मागवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इटलीसारख्या देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिथल्या काचेची रचना डिप्परचा झोत उजवीकडे उचलणारी असते. ती काच आपल्याकडे बसवल्यास झोत नेमका समोरच्या वाहनचालकाच्या डोळ्यांत जातो. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेलीच काच घ्यावी. काम पूर्ण झाल्यावर गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोतांची उंची आणि दिशा जुळवून घ्यावी.

खासगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी दिव्यांचीही तपासणी होते. परंतु त्या तपासणीत दिवा लागतो की नाही एवढेच समाधान मालकाने मानू नये. जुन्या गाडीचा दिवा लागणे आणि त्या दिव्यात रस्ता दिसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गाडीच्या रंगावर आणि क्रोमवर एवढा खर्च होतो, तिच्या बॅटरीपासून बल्बपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात, हे वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर मोजून पाहिले तरी पुरे. आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तो अर्ध्या व्होल्टने घसरलेला दिसला, तर पॉलिश पेपर घेऊन कामाला लागावे. बल्बचे दुकान त्यानंतर.